मदत हवी आहे: जजमेंट सापडतं, पण ते अजून चालतं का हे कसं बघायचं?

तिसरं_वर्ष:
नमस्कार मंडळी, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दीड महिन्यापासून एका मॅडमच्या चेंबरला इंटर्नशिप करतेय, चेक बाऊन्स आणि दिवाणी मॅटर जास्त. बोर्ड बघणं, तारखा डायरीत चढवणं हे जमायला लागलंय, घोडं अडतंय ते रिसर्चला.

मागच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, १३८ ची (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम, चेक बाऊन्सचं) कंप्लेंट कुठल्या कोर्टात टाकायची त्यावर ऑथॉरिटी, म्हणजे आधार देणारा निकाल, काढून ठेव. पक्षकार इथला, चेक देणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, त्याची बँकही तिकडची. इंडियन कानून या निकालांच्या फुकट साईटवर शोधलं तर दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य मिळालं, सुप्रीम कोर्ट, २०१४, तीन न्यायमूर्ती. एवढं तगडं हाताला लागल्यावर अजून काय पाहिजे म्हणून मी दोन पानी नोट टाईप केली की चेक ज्या बँकेवर काढलाय ती जिथे आहे तिथेच कंप्लेंट, सबब आपल्या पक्षकाराला तिकडे हेलपाटे. मॅडमनी पहिला पॅरा वाचला आणि एवढंच विचारलं, "२०१५ ला काय झालं?"

२०१५ ला कायदाच बदलला होता. कलम १४२ ला पोटकलम (२) आलं, आता चेक आपल्या खात्यातून वटवायला टाकला असेल तर आपलं खातं ज्या ब्रँचला आहे तिथलं कोर्ट. म्हणजे माझी नोट बरोब्बर उलटी. नशीब चेंबरमध्येच अडली, समोरच्या वकिलांच्या हातात नाही गेली.

मला त्रास याचा झाला की ते जजमेंट उघडल्यावर कुठेही शिक्का नाही, लाल शाई नाही, कालच लिहिल्यासारखं दिसतं. मग कळणार कसं? आणि दुसरं, थांबायचं कधी? काल "गृहीतक रिबट करण्यावर लेटेस्ट काढ" (चेक देणं फेडायलाच दिला असं कायदा धरून चालतो, ते खोडण्यावर) एवढ्या एका वाक्यावर मी चार तास घालवले, २३ टॅब उघडे, शेवटी कुठलं कशासाठी उघडलं होतं तेच आठवेना. पेड डेटाबेस फक्त कॉलेजच्या लायब्ररीत चालतात, घरी फुकटवाल्यांवरच भागवायचंय.

जुना_कोट:
सगळ्यांचं होतं गं, मी तर भर कोर्टात खाल्लीय. तुझी चूक जजमेंटमध्ये नाही, सुरुवातीत आहे. तू जजमेंटपासून सुरू केलंस. आधी बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर. इंडिया कोडची साईट सरकारी आहे, फुकट आहे, तिथे कलम १४२ उघड आणि खालच्या तळटिपा वाच. बारीक अक्षर म्हणून लोक त्या सोडतात. कुठला शब्द कुठल्या साली, कुठल्या तारखेपासून घातला ते तिथेच असतं, या दुरुस्तीची तारीख १५ जून २०१५. आता तुझं जजमेंट २०१४ चं आणि तळटीप २०१५ ची, एवढं शेजारी ठेवलं तरी कान टवकारले पाहिजेत.

जजमेंट दोन वाटांनी जातं. एक, मोठ्या बेंचने बाजूला सारलं, ते "सायटेड बाय" वर टिचकी मारून नवीन आधी लावलंस की नंतरच्या निकालांत सापडतं. दोन, कायदेमंडळाने पायाखालची जमीनच काढली, ते तिथे कोणी लावून देत नाही, ते तळटिपेतच. पेड डेटाबेस ओव्हररूल्डची खूण देतात, चांगलंच आहे, पण नुसत्या खुणेवर विसंबू नकोस, कुठल्या मुद्द्यावर ओव्हररूल झालं ते वाचल्याशिवाय कळत नाही.

इंडियन कानूनला शोधताना एक बारीक गोष्ट, दोन शब्द जोडायचे तर तिथे अँडच्या शेवटी डी दोनदा टाकायचा, ऑरच्या शेवटी आर दोनदा, सगळं कॅपिटलमध्ये. साध्या अँडवर वर्षभर काढलंय मी, बोलायचं काम नाही.

दिवाणीवाली:
वरचं सगळं बरोबर, त्यात माझी भर. जजमेंट दर वेळी अख्खं मरत नाही, कधीकधी एखादा पॅराच मरतो. तुझ्या गृहीतकाच्याच मुद्द्यावर बघ. कृष्णा जनार्दन भट, २००८, दोन न्यायमूर्ती, त्यात आलं की कलम १३९ चं गृहीतक कायदेशीर देणं होतंच इथपर्यंत जात नाही. मग २०१० ला रंगप्पा विरुद्ध श्री मोहन, तीन न्यायमूर्ती, ते म्हणाले जातं, पण आरोपीला ते खोडता येतं आणि खोडायला प्रिपॉन्डरन्स ऑफ प्रोबॅबिलिटीज, म्हणजे आपलं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दाखवणं, पुरे. पण आरोपीने स्वतः पिंजऱ्यात यायलाच हवं असं नाही, फिर्यादीच्याच पुराव्यातून बचाव दाखवता येतो, हे भटमधलं रंगप्पाने मोडलेलं नाही. म्हणून नोटमध्ये नुसतं नाव लिहू नकोस, पॅरा लिही आणि बेंच किती जणांचं ते लिही. २०१९ चं बसलिंगप्पा विरुद्ध मुदीबसप्पा काढ, त्यात या विषयावरची तत्त्वं एका जागी ओळीने मांडलीयेत, तुझे निम्मे टॅब बंद होतील.

थांबायचं कधी, तर नवीन निकाल उघडल्यावर त्यात तीच ती नावं यायला लागली की उठायचं. आणि बाई, हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, कोट करू नकोस, ती संपादकाने लिहिलेली असते, कोर्टाने नाही. पॅरा नंबरही कोर्टात द्यायच्या प्रतीवरूनच घे, वेगवेगळ्या प्रतींत ते कधीकधी जुळत नाहीत. सुप्रीम कोर्टाचं असेल तर ई-एससीआर या कोर्टाच्याच साईटवर अधिकृत रिपोर्ट फुकट मिळतो.

नवखा_०७:
एवढं कशाला, चॅटजीपीटीला विचारा, दोन मिनिटांत सायटेशनसकट देतं.

जुना_कोट:
देतं की. नसलेलंही देतं. न्यूयॉर्कला माता विरुद्ध एव्हियांका मॅटरमध्ये वकिलांनी असेच जन्माला न आलेले निकाल दाखल केले, कोर्टाने २०२३ ला ५००० डॉलर दंड ठोकला. मुद्दा समजून घ्यायला विचार हवं तर, पण नाव दिलं की मूळ निकाल उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाच.

पायरीवरचा_ज्युनिअर:
माझंही घ्या मग. सर फोनवर म्हणाले "४८२ चं दोन-तीन काढून ठेव". मी रात्री बसून फिर्याद रद्द करण्यावरची सात जजमेंट काढली, टॅग लावले, स्पायरल केलं. सकाळी कळलं मॅटर अटकपूर्व जामिनाचं. सीआरपीसीत (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, ते बीएनएसएसमध्ये (तिच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ५२८ ला गेलेत, आणि अटकपूर्व जामिनाचं जुनं ४३८ आता ४८२ झालंय. १ जुलै २०२४ नंतर नुसता आकडा सांगणाऱ्याला उलटं विचारायचं, कुठल्या कायद्याचं? सर्च करतानाही जुना आणि नवा दोन्ही आकडे मारावे लागतात, कारण अटकपूर्ववरचे जुने सगळे निकाल ४३८ खालीच सापडतात. स्पायरलचे पैसे खिशातून गेले ते वेगळंच.

तिसरं_वर्ष:
सगळ्यांचे खूप आभार, आणि स्पायरलबद्दल दिलगिरी, पण खूप हसले. वहीत आता चार रकाने केलेत, प्रश्न, निकाल आणि पॅरा, बेंच, आणि शेवटचा "नंतर काय झालं". चौथा रकाना रिकामा असेल तर नोट टाईप करायला घ्यायची नाही.

आज एक झालं. पक्षकार आला तर म्हणे चेक मी आपल्या ब्रँचला टाकलाच नव्हता, मुलीकडे गेलो होतो तिथल्या ब्रँचला टाकला, बँक तीच. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. काल १४२ खालचं स्पष्टीकरण वाचलं होतं, बँकेच्या कुठल्याही ब्रँचला दिला तरी जिथे खातं आहे त्या ब्रँचला दिल्यासारखाच धरायचा. सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मग इथेच टाकू, ड्राफ्ट कर, आणि नोटिशीची तारीख नीट मोज." पोचपावती शोधतेय आता, फाईलला नाहीये.