कोपराचं प्लास्टर निघालं, पण हात वाकत नाही. मालिश करून घ्यावी का?

लेकीची_आई
माझी मुलगी ८ वर्षांची. सव्वा महिन्यापूर्वी मल्लखांबावरून उतरताना हात सटकला आणि ती उजव्या हातावर पडली. कोपराच्या अगदी वर हाड मोडलं, ऑपरेशन करून दोन तारा घातल्या. ४ आठवड्यांनी तारा आणि प्लास्टर दोन्ही काढलं, त्याला आज ९ दिवस झाले. हात काटकोनाच्या जरा पुढे येतो आणि तिथेच अडतो. घास तोंडापर्यंत जात नाही, म्हणून डाव्या हाताने चमचा धरून जेवते. सासूबाई म्हणतात, गावाकडच्या हाडवैद्याकडून तेल लावून चोळून घ्या. शेजारचे म्हणतात, हातात वाळूची पिशवी द्या. दवाखान्यात "हलवत राहा" एवढंच सांगितलं. परवा मी जरासा दाबून बघितला तर इतकी रडली की मलाही रडू आवरेना. काय करू?

मिरजकाका
मालिश नको! माझ्या पुतण्याला क्रिकेट खेळताना असंच झालं होतं. आम्ही १५ दिवस चोळून घेतलं. कोपर सुजलं, गरम लागायला लागलं, आणि हात होता त्याहून कमी वाकायला लागला. पुढे एक्स-रेत स्नायूच्या जागी पांढरं हाड दिसलं. ती चूक आजही मनातून जात नाही.

फिजिओ_मावशी
ताई, एकदा दाबलंत त्याचं मनाला लावून घेऊ नका. पुन्हा मात्र अजिबात नको.

मी लहान मुलांचीच फिजिओथेरपी करते. कोपराच्या पुढच्या बाजूला ब्रेकियालिस नावाचा स्नायू हाडाला चिकटून असतो. हाड मोडतं तेव्हा तोही दुखावतो. त्याला चोळलं, जोर लावून ताणलं, तर स्नायूतच हाड धरू शकतं. काकांच्या पुतण्याचं बहुधा तेच झालं. वाळूच्या पिशवीतही तोच धोका.

तिचं कोपर तिनेच हलवायचं, दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागता कामा नये. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल १० मिनिटं ठेवा. मग टेबलावर रुमालावर हात ठेवून पुढे सरकवायचा, मागे आणायचा. भिंतीवर बोटांची मुंगी चढवू द्या आणि पोचली तिथे पेन्सिलने खूण करा. कोपर कुशीला टेकवून मुठीत लाटणं उभं धरायचं, एकदा आत झोपवायचं, एकदा बाहेर. दिवसातून चार-पाच वेळा, पाचच मिनिटं. ओढल्यासारखं वाटलं तर चालेल, रडू यायला नको.

आणि जेवण उजव्या हातानेच. आधी लांब दांड्याचा चमचा, मग हात. जेवताना नीट बघा: मुलं हात वर नेण्याऐवजी मान खाली आणतात. रागावू नका, पाठ भिंतीला टेकवून बसवा. एका जेवणात न सांगता तीस-चाळीस वेळा कोपर वाकतं, एवढा व्यायाम मीसुद्धा करून घेऊ शकत नाही.

या वयात हात बहुतेक वेळा छान मोकळा होतो. बराचसा दोन-तीन महिन्यांत येतो, शेवटचं थोडं सरळ व्हायला कधी वर्षही लागतं. पण बोटांना मुंग्या येत असतील, अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करता येत नसेल, तारांच्या जागेतून पू येत असेल किंवा सूज गरम लागत असेल, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. मल्लखांब कधी सुरू करायचा तेही एक्स-रे बघून तेच सांगतील. तोवर तिला आखाड्यात नेऊन नुसतं बसवत जा. पडलेल्या पोरांच्या मनात भीती घर करते, ती घरी बसून जात नाही.

लेकीची_आई
तीन आठवड्यांनी लिहितेय. भिंतीवरच्या खुणा वीतभर वर सरकल्यात. काल वरणभात हाताने खाल्ला, मान ताठ ठेवून! हाडवैद्याचा विषय मागे पडला, सासूबाई आता कणकेचा गोळा तिच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. एक विचारायचं होतं: वेणीला हात मागे नेताना ती खांदा उचलते. चालेल का?

फिजिओ_मावशी
किती बरं वाटलं वाचून! सध्या चालेल. वेणी आरशासमोर बसून घालायला सांगा, खांदा वर गेला की तिचा तिलाच दिसेल. वेणी तिच्या हातची वाकडीतिकडी झाली तरी तशीच शाळेत पाठवा.