जेल पाणीदार असलं तरी शरीर ते ओळखतं

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा पदार्थ. ‘ते बहुतांश पाणीच, त्याला शरीर कशाला विरोध करेल’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. जेल शरीरात बसवलं की लगेच रक्तातली प्रथिनं त्याच्यावर चिकटतात आणि त्या थरावरूनच मॅक्रोफेज (परक्या गोष्टी गिळणाऱ्या संरक्षक पेशी) त्याला परकं ठरवतात. गिळता आलं नाही तर त्या एकमेकींत मिसळून महाकाय पेशी होतात, आणि शेवटी भोवती कोलॅजेनचं (व्रणात असतं त्या चिवट प्रथिनाचं) कवच धरतं. आत इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी ठेवल्या असतील तर त्या प्राणवायूवाचून गुदमरतात. यात आकारालाही महत्त्व आहे. 2015 मध्ये उंदीर आणि माकडांवर झालेल्या प्रयोगांत अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलच्या) 1.5 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गोळ्यांवर बारीक गोळ्यांपेक्षा खूपच कमी कवच आलं. मला तर उलटं वाटलं असतं.

जखमेवरच्या जेलची गोष्ट वेगळी. आईच्या टाचेला मधुमेहाची जखम होती, सांगलीत घरीच जेलचं ड्रेसिंग चालायचं. तिसऱ्या दिवशी पट्टी उचलली तर खाली पिवळसर, बुळबुळीत थर. पू झाला म्हणून माझे हातपाय गळाले. मिरजेहून येणाऱ्या सिस्टरांनी सलाइनने हळूच धुऊन दाखवलं: खाली लाल, दाणेदार मांस आणि सुटत आलेली काळी कड. ओल टिकली की शरीराच्याच पेशी आणि विकरं (एन्झाइम) मेलेला भाग सैल करतात, तोच हा थर. कडेला लाली, ऊब किंवा घाण वास असला तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात न्या, असं त्यांनी बजावलं होतं.