गंगापूर धरणासाठी बारा फुटी शिडाची होडी: वाड्याच्या सागाच्या फळ्या वापराव्यात का?

पंचवटीकर

नमस्कार. मी पंधरा वर्षांपासून घरी हौसेने सुतारकाम करतो आणि आता जुन्या धाटणीची, गोलसर पोटाची, एका शिडाची बारा फूट लांबीची होडी बांधायचे मनात घेतले आहे. आमचा पंचवटीतील वाडा उतरवला तेव्हा निघालेल्या सागाच्या सहा तुळया मी जपून ठेवल्या आहेत. त्या चिरून फळ्या काढाव्यात, काठाला काठ भिडवून वाकांवर (होडीच्या आतल्या फासळ्यांवर) ठोकाव्यात आणि मधल्या फटींत कापूस व लांबी (फटी बुजवण्याचा लगदा, पुटी) भरावी, असा माझा विचार आहे. होडी घराच्या आवारात ठेवून सुट्टीच्या दिवशी ट्रेलरवरून गंगापूर धरणावर नेईन.

प्लायवूडची होडी बांधण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण मन घेत नाही. मुंबईत १८१७ साली सागात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगत आहे. मग प्लायवूड कशासाठी? आराखडाही मी स्वतःच काढला आहे. त्यात कोणत्या चुका राहू शकतात आणि शीड कोणत्या प्रकारचे असावे, हेही जाणकारांनी सांगावे.

रंधा

नमस्कार पंचवटीकर. आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण दिलेल्या उदाहरणातच आहे. ते जहाज तरंगत आहे, म्हणजेच त्याच्या फळ्या पाण्याने फुगून एकमेकींना घट्ट भिडलेल्या आहेत. काठाला काठ लावून बांधलेली होडी पाणी धरते ती या फुगण्याच्या जोरावर. आपली होडी मात्र आठवड्यातले सहा दिवस नाशिकच्या कोरड्या हवेत उभी राहणार. ओल्या लाकडातले पाणी एप्रिल-मे महिन्यांत उडून गेले की शंभर मिलिमीटर रुंदीची सागाची फळी एखाद-दोन मिलिमीटर आकसते, आणि होडीच्या एका अंगाला अशा सात-आठ फळ्या असतात. फटींतला कापूस सैल होतो, रविवारी होडी पाण्यात सोडली की ती भरू लागते आणि फळ्या पुन्हा फुगेपर्यंत सुट्टी संपलेली असते. कोरड्या फटीत लांबी ठासून भरली तर पुढे फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही आणि ती वाकांवरचे खिळे उपसते. मी स्वतः पहिली होडी अशीच बांधली होती. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर ती पुन्हा पाण्यात घालण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून इतके आवर्जून लिहीत आहे.

दुसरा मुद्दा वजनाचा. फटीत कापूस धरायचा तर फळी निदान १५ मिलिमीटर जाड हवी. होडीचे बाह्यांग ६.५ चौरस मीटर धरले, तर सागाच्या नुसत्या फळ्याच ६० किलोंच्या पुढे जातात. ६ मिलिमीटरच्या मरीन प्लायला (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडला) तेवढ्याच क्षेत्राला २५ ते ३० किलो पुरतात. ट्रेलरवरून उतरवून चिखलातून पाण्यापर्यंत होडी ओढताना हा फरक कळतो, कारण उन्हाळ्यात धरणाचे पाणी काठापासून दूर गेलेले असते.

जुने रूप सोडण्याची मात्र गरज नाही. प्लायच्या पट्ट्या एकीवर एक थोड्या चढवून इपॉक्सीने (दोन द्रव कालवून घट्ट होणाऱ्या गोंदाने) चिकटवण्याची पद्धत आहे. स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेले आराखडाकार इयन ऑट्रेड यांनी तिच्यासाठी अत्यंत देखणे आराखडे केले. प्रत्येक पट्टीच्या काठाची सावली खालच्या पट्टीवर पडते आणि होडी अगदी जुन्या काळची दिसते; शिवाय ती सुकली तरी कुठे फट पडत नाही, कारण प्लायच्या आडव्या-उभ्या थरांमुळे तिचे आकसणे नगण्य असते. प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) प्रतीची घ्या, आणि वखारीतून आणलेल्या प्रत्येक तुकड्याचा कोपरा काही तास पाण्यात उकळून थर सुटतात का ते पाहा. कापलेल्या काठावर आतल्या थरात पोकळी दिसली तर ती प्लाय परत करा.

आपल्या तुळया वाया जाणार नाहीत. पठाण (तळाचा कणा), नाळ (पुढच्या टोकाचे उभे लाकूड), काठपट्ट्या, बैठका आणि सुकाणू यांसाठी याहून चांगले लाकूड मिळणे कठीण. साग तेलकट असल्यामुळे चिकटवण्याच्या जागेवर ताजा रंधा मारून, ॲसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावावी. नाशिकच्या उन्हाळ्यात इपॉक्सी भांड्यात ढीग करून ठेवली तर मिनिटांत तापून घट्ट होते. थोडी थोडी कालवा, पसरट तबकात ओता आणि काम सकाळी लवकर उरका. ऊन इपॉक्सीला खाते, म्हणून वरून रंग किंवा व्हार्निश हवेच.

आराखडा

रंधा यांनी बांधणीविषयी लिहिले आहे, मी आराखड्यापुरते लिहितो. होडी ८० किलो, शीड-डोलकाठी २० आणि दोन माणसे १५० धरली तर एकूण २५० किलो होतात. म्हणजे होडीने २५० लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. आपल्या आराखड्यावर पाण्याची रेषा ओढा, तिच्याखालच्या आडव्या छेदांची क्षेत्रफळे काढा आणि सिम्पसनच्या नियमाने (छेदांच्या क्षेत्रफळांवरून घनफळ काढण्याच्या सूत्राने) घनफळ मोजा. ते २५० लिटरांहून कमी भरले, तर होडी आपण रेखाटलेल्या रेषेपेक्षा खोल बसेल.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा शिडाच्या आणि बुडालेल्या अंगाच्या मध्यबिंदूंचा आहे. पाण्याखालच्या भागाची बाजूची आकृती, खाली सोडायची मधली फळी धरून, पुठ्ठ्यावर कापा आणि सुईच्या टोकावर तोला. शिडाचेही तसेच करा. शिडाचा बिंदू दुसऱ्या बिंदूच्या किंचित पुढे ठेवावा, कारण वाऱ्याने होडी कलली की तिचे नाक आपोआप वाऱ्याकडे वळू लागते. हे वळणे थोडे राहिले तर ते संरक्षणच आहे: सुकाणूचा दांडा हातातून सुटला तरी होडी वाऱ्याला तोंड देऊन थांबते. उलट प्रवृत्तीची होडी मात्र वाऱ्याकडे पाठ फिरवून पळत सुटते आणि उलटण्याचा धोका असतो.

स्पष्ट सांगायचे तर पहिली होडी दुसऱ्याच्या सिद्ध आराखड्यावर बांधावी. ते पटत नसेल तर निदान १:१० प्रमाणाची पुठ्ठ्याची प्रतिकृती करा, तीत प्रमाणशीर वजन ठेवून ती टबात सोडा.

दर्याकाठ

मी मूळचा मालवणचा, सध्या सातपूरला असतो. शिडाबद्दल सांगतो. आपल्या किनाऱ्यावरचे लांब परमाणाचे (शीड ज्याला बांधतात त्या तिरक्या वाशाचे) तिकोनी शीड मोकळ्या दर्यावर, दिवसभर एकाच वाऱ्यावर चालायला उत्तम. पण धरणाच्या चिंचोळ्या पाण्यात दर पाच मिनिटांनी बाजू बदलावी लागते आणि दोन माणसांना ते परमाण फिरवणे जड जाते. तिथे चौकोनी लग शीड (आखूड तिरक्या वाशाला टांगलेले) घ्यावे. त्याची डोलकाठी होडीच्या लांबीएवढीच पुरते, ती ट्रेलरवर आत मावते, आणि दोरी सोडताच शीड खाली येते. डोंगरांवरून वारा झोताने येतो तेव्हा हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे. सुमारे ७५ चौरस फुटांचे शीड पुष्कळ झाले, त्यात कपडा आखडून बांधण्याच्या दोन ओळी शिवून घ्या.

नाळेजवळ आणि मागे हवाबंद कप्पे ठेवायला विसरू नका. होडी भरली तरी ती तुम्हाला धरून ठेवेल इतके ते मोठे असावेत. पाण्यात उतरण्याआधी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी मिळवा, आणि अंगात लाइफ जॅकेट कायम असू द्या.

पंचवटीकर

आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. फळ्यांचा हट्ट सोडला. रात्री घनफळ मोजले तेव्हा ते १९० लिटरच भरले, म्हणून पोट थोडे रुंद करून पुन्हा रेखाटत आहे. तुळयांवरून चुंबक फिरवला, तर एकीत जुने खिळे खोल रुतलेले आढळले. ती बाजूला ठेवली आहे. दुसरीत मात्र दहा फूट लांबीचा सरळ रेषांचा निर्दोष भाग मिळाला. पठाण त्यातूनच निघेल.