जुन्या क्रोम प्लेटिंगच्या जागेची माती तपासायची कुणी, घेणाऱ्याने की विकणाऱ्याने?

होटगीकर
सोलापुरात अक्कलकोट रोडला एक जुना गाळा विकाऊ आहे. वीसेक वर्षं तिथे हार्ड क्रोमचं, म्हणजे लोखंडी रॉडवर क्रोमचा जाड थर चढवायचं काम चालायचं, आता बंद. मला टॉवेलच्या पॅकिंगला हवाय. परवा बघायला गेलो तर भिंतीवर जमिनीपासून हातभर उंच पिवळाजर्द क्षार फुललेला. नखाने खरवडणार, तेवढ्यात मित्राने हात धरला. दलाल म्हणतो, "ओल आहे मालक, चुना मारला की झालं." आवारातल्या बोअरवर शेजारची तीन घरं पाणी भरतात. माझं म्हणणं, माती-पाण्याचा रिपोर्ट जोडल्याशिवाय खरेदीखतच होऊ नये, आणि खर्च विकणाऱ्याचा.

बाथवाला
मी स्वतः प्लेटिंग करतो, म्हणून बोलतो. ही सक्ती आली की दोन टाक्यांवर पोट असलेले आम्ही संपलो. सांडपाण्यात हेक्झा क्रोम, म्हणजे पिवळं विषारी क्रोम, लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, मेटाबायसल्फाइट टाकून पिवळ्याचं हिरवं करायचं, चुन्याने बसवायचं, गाळ रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला पाठवायचा. एवढं करून परत जागा विकताना रिपोर्ट? आणि सगळं क्रोम विष नसतं. हिरवं, म्हणजे ट्रायव्हॅलंट, मातीला धरून बसतं. त्यात आपली काळी चिकण माती. ती सोडती व्हय काही?

चाटीगल्ली
हिरव्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण होटगीकरांच्या भिंतीवर पिवळं आहे. ते क्रोमेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं हेक्झा क्रोम. त्याचा विद्युतभार ऋण आणि काळ्या मातीच्या कणांचाही ऋणच, मग धरणार कोण? आपली माती अल्कधर्मी, त्यामुळे क्रोमेट पाण्याबरोबर सरळ खाली जातं. उन्हाळ्यात या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या वळवाचं पाणी कुठून उतरतं ते शेतकऱ्याला विचारा. खाली मुरूम, त्याखाली फटींचा काळा खडक. पाणी फटीफटीने पळतं. शेजारची बोअर सुटेल आणि पलीकडच्या गल्लीतली धरेल. शिवाय मातीतलं मँगनीज ऑक्साइड तुमच्या हिरव्यातलं थोडं परत पिवळं करू शकतं.

एक हिशोब बघा. बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणात, लिटरला साधारण 250 ग्रॅम क्रोमिक ॲसिड, त्यात क्रोमियम 130 ग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर बाथ 26 लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. दहा हजार लिटरचे 260 टँकर!

बाथवाला
कागदावर सगळं होतं. बाथचा एक लिटर कोण ओतून देतो? क्रोमिक ॲसिडचा भाव माहीत आहे का?

चाटीगल्ली
ओतत नाही, ठिबकतं. रॉड टाकीतून उचलून धुण्याच्या टाकीपर्यंत नेताना किती थेंब फरशीवर पडतात ते तुम्ही रोज बघता. आणि फरशीचा सांधा फुटलेला असेल तर?

बाथवाला
...सांधे फुटतात. ॲसिडच आहे ते. आम्ही दर दोन वर्षांनी कोटिंग करतो. सगळे करतात असं म्हणत नाही.

शेंगाचटणी
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. विकणाऱ्यावर टाकलंत तर तो विकणारच नाही, कुलूप लावून बसेल आणि पावसाळ्यामागून पावसाळा ते खाली उतरत राहील. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना बंद पडला, लाखाहून जास्त टन कचरा तिथेच पडून राहिला. मालक गेला, ढीग राहिला. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांचे नियम काढलेत, त्यात संशयित जागा प्रशासनाने कळवायच्या, साफसफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. मग बंद प्लेटिंगच्या जागांची यादी महापालिकेनेच करू दे की. व्यवहार होतो तेव्हाच तपासायचं म्हणजे घर विकताना छप्पर बघण्यासारखं, गळतंय कधीपासून!

होटगीकर
यादी होईपर्यंत ती तीन घरं काय पिणार?

उसाचं_टिपरू
सापडलं तर उपाय आपल्याच जिल्ह्यात टँकरने हिंडतोय. परदेशात अशा जागी बोअरमधून साखर कारखान्यातली पातळ मळी सोडतात. जिवाणू ती खाऊन पाण्यातला प्राणवायू संपवतात, मग पिवळं क्रोम हिरवं होऊन जागीच बसतं. खर्च कमी. पण पाण्यात लोह-मँगनीज वाढतं, आणि निरीक्षणाच्या बोअर मारून वर्षानुवर्षं बघत राहावं लागतं. मनानेच मळी ओतू नका बाबांनो.

होटगीकर, प्रयोगशाळेत नुसतं "क्रोमियम" लिहू नका, "हेक्झाव्हॅलंट" वेगळं मागा. नमुना बर्फात ठेवून 24 तासांत पोचवा, त्यात ॲसिड टाकू देऊ नका. पाणी स्वच्छ दिसलं म्हणून फसू नका, 0.05 ला डोळ्याला काही दिसत नाही. उकळून तर ते जातच नाही.

होटगीकर
नमुना दिला, माझ्याच खर्चाने. शेजारच्या मावशींना पिण्यापुरतं नळाचं पाणी भरा म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, नळाला पाणी कधी येतंय ते पण तुम्हीच सांगा. तिथला जुना कामगार भेटला, त्याने टाकी कुठे होती ते खडूने फरशीवर आखून दाखवलं. बोअरपासून सात पावलं. दलालाने भाव अजून एक पैसा उतरवलेला नाही.