पुरुमेंतात खाऊचा डबा हवाच

पुरुमेंत म्हणजे गोव्यात पावसाळ्यासाठी आधीच भरून ठेवायची बेगमी. तांदूळ, डाळ, मीठ भरलं की पुरुमेंत झालं, खाऊ साठवणं ही निव्वळ चैन, असं काही जण म्हणतात; मला ते पटलं नाही. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा गोव्यात ठिकठिकाणी झाडं पडून वीज गेली होती, आठवतं ना? वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे टाकी कोरडी. अशा वेळी न शिजवता तोंडात टाकता येईल असं काहीतरी घरात लागतंच, पोरं असतील तर हमखास.

खरी गोम आहे ती काय ठेवायचं यात. आपल्या हवेत शेव-चिवडा आधी सादळतो, मग तेलाला खवट वास मारतो. तो थोडाच घ्यावा. फुटाणे मात्र बिनतेलाचे, कोरड्या बरणीत झाकण घट्ट असेल तर महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतात. सोललेले काजू हवाबंद छोट्या पाकिटांतले घ्या, एक संपल्याशिवाय दुसरं फोडू नका. जत्रेतलं खाजें (बेसनाच्या गूळ लावलेल्या कांड्या) भरून ठेवायचा मोह होतो, पण दमट हवेत वरचा गूळ पाझरतो आणि सगळं एकमेकांना चिकटून बसतं. आंब्याची साठं (वाळवलेल्या रसाच्या पोळ्या) चालतील. बोटाला चिकट-ओलसर लागली तर पुन्हा उन्हात घाला. भिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या, या हिशेबात धरू नका, ती भाजावी नाहीतर उकडावी लागतात.

आमच्याकडे बरणीवर तारीख चिकटवतात आणि जुनं चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, संपवायचं असा दंडक आहे. (पोरं त्याआधीच फडशा पाडतात, म्हणून बरण्या वरच्या फळीवर.)