चार पॅरे की दोन ओळी

टेक्स्ट रोलप्लेत, म्हणजे दोघं-तिघं आपापलं पात्र घेऊन पाळीपाळीने लिहीत गोष्ट पुढे नेतात त्यात, चार-चार पॅरे लिहिणारेच सिरियस, एका ओळीत उत्तर देणारे वन-लायनरवाले नुसता टाइमपास करतात, असं काहीजण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. मी स्वतः डिटेल्डवाली आहे, डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपच्या फुकटच्या अकाउंटवर एका मेसेजला 2000 अक्षरांची लिमिट लागते म्हणून पोस्ट तोडून टाकते, पण माझा आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी सीन दोन-दोन ओळींत झालाय. धर्मशाळेत पाऊस, माझं पात्र, एक वैदीण, समोरच्याच्या पात्राची जखम धुतेय, आणि समोरून एवढंच आलं, "त्याने हात मागे घेतला. मुठीत काहीतरी होतं." बास! आता मला विचारावंच लागणार ना काय आहे ते. उलट एकदा भलीमोठी पोस्ट आली, ढग, झगा, बालपण, सगळं सुंदर लिहिलेलं, पण माझ्या पात्राला करायला काही ठेवलंच नव्हतं, आणि वर तिला परस्पर रडवूनही टाकलेलं, म्हणजे सरळ गॉडमॉडिंग, दुसऱ्याचं पात्र आपणच चालवणं.

भांडणात, बाजारात, घाईच्या संवादात छोटंच लिहावं हो, नाहीतर एका थपडेला उत्तर यायला तीन दिवस लागतात. प्रवास, आठवणी, नवीन गाव असं असेल तर घ्या की सवड. आणि सुरू करायच्या आधीच डबल कंसात, म्हणजे पात्राबाहेर येऊन, बोलून घ्या, साधारण किती लिहिणार, किती दिवसांनी उत्तर देणार. माझे दोन चांगले पार्टनर तुटले ते स्टाइलवरून नाही, माझ्या रिप्लायची वाट बघून बघून कंटाळले म्हणून.