दोन वर्षांचं अर्धवट बी.कॉम. आणि अमेरिकेतली डिग्री: परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायचं गणित कसं मांडू?

लोकमान्यनगर_वाली

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, वय ३४. बी.कॉम.चे चार सेमिस्टर २०१३ ला झाले, मग बाबांचं आजारपण आणि पाठोपाठ लग्न, पाचव्याचा फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच. तेव्हापासून एका ट्रान्सपोर्टवाल्यांकडे अकाउंट्स बघते. टॅली, जीएसटी, बँकेचं सगळं माझ्याच हातून जातं, पण पगाराचा विषय निघाला की तुमची डिग्री नाहीये ना, इथेच गाडी अडते. अकरा वर्षं हे ऐकतेय आणि आता खरंच सहन होत नाही.

मिस्टरांना कंपनीने न्यू जर्सीला पाठवलंय, मी आणि मुलगी आठेक महिन्यांत एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) जाऊ. लगेच नोकरी करता येणार नाही पण शिकता येतं. मामेभाऊ तिकडेच असतो, तो म्हणाला ताई, क्लेपच्या परीक्षा दे (पास झालं की वर्गात न बसता त्या विषयाचं क्रेडिट मिळतं), तिथे बॅचलर्सला १२० क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाची एककं, लागतात आणि ते वर्गात बसूनच मिळवले पाहिजेत असं नाही. मुलगी झोपल्यावर मी वहीत हिशोब मांडला. इथली दोन वर्षं म्हणजे ६० क्रेडिट धरले, उरले ६०, एक परीक्षा ३ क्रेडिटची म्हणजे वीस परीक्षा, महिन्याला दोन दिल्या तर दहा महिन्यांत डिग्री. पण इतकं सरळ असतं तर सगळ्यांनीच नसतं का केलं? माझं कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

जर्सीतला_इंदूरी

ताई, मी हा रस्ता चालून आलोय, बी.एस्सी. अर्धवट सोडून इकडे आलो होतो. तुमची बेरीज बरोबर आहे, पण १२० ही नुसती बेरीज नसते, ते खणांचं कपाट असतं. इंग्रजी लेखनाचा खण, गणिताचा, विज्ञानाचा, सामाजिक शास्त्रांचा, मग तुमच्या मुख्य विषयाचा, आणि शेवटी एक मोकळा खण ज्यात काहीही चालतं. कॉलेजने क्रेडिट मान्य केलं याचा अर्थ ते तुम्हाला हव्या त्या खणात गेलं असा होत नाही. मी सुरुवातीला हुरूप येऊन चार परीक्षा दिल्या, चारही पास झालो, आणि कॉलेजने चारही मोकळ्या खणात टाकल्या जिथे माझी जागा आधीच भरली होती. कागदावर १२ क्रेडिट, डिग्रीच्या दिशेने शून्य. तो कागद हातात घेऊन पार्किंगमध्ये किती वेळ बसलो होतो ते आठवलं की अजून पोटात कालवतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

दुसरं म्हणजे लेव्हल. क्लेपच्या परीक्षा बहुतेक पहिल्या दोन वर्षांच्या पातळीच्या धरतात. तुमचं तिकडचं बी.कॉम. पण पहिल्या दोन वर्षांचंच. म्हणजे तुमच्याकडे खालचा मजला दोनदा होईल आणि वरचा मजला, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विषय, रिकामाच राहील. सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. त्यासाठी डीएसएसटी म्हणून दुसऱ्या परीक्षा आहेत, त्यातल्या मनी अँड बँकिंग, बिझनेस एथिक्स अशा काही वरच्या पातळीच्या धरल्या जातात. पण सगळा वरचा मजला त्यावर उभा राहत नाही, काही कोर्स कॉलेजचेच घ्यावे लागतात.

बाहेरचे क्रेडिट सगळ्यात मोकळ्या हाताने घेणारी तीन नावं इकडे प्रसिद्ध आहेत. ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी (१९७२ ची, तुमच्या जर्सीतलीच), कनेक्टिकटचं चार्टर ओक स्टेट कॉलेज आणि न्यूयॉर्कच्या ऑल्बनीतली एक्सेल्सियर. मोठ्या वयात, नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच काढलेल्या आहेत. नेहमीच्या कॉलेजात मात्र शेवटचे ३० वगैरे क्रेडिट आमच्याकडेच करा असा नियम असतो. म्हणून आधी कॉलेज ठरवा, त्यांचा डिग्री-प्लॅनचा तक्ता छापून घ्या, आणि मगच परीक्षेचे पैसे भरा.

क्लेपबद्दल: गुण २० ते ८० मध्ये देतात, ५० ला सहसा क्रेडिट मिळतं, नापास झालात तर तोच पेपर तीन महिने देता येत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही. फी शंभर डॉलरच्या आसपास, वर सेंटरची वेगळी. मॉडर्न स्टेट्स नावाची संस्था आहे, त्यांचा फुकट ऑनलाइन कोर्स पूर्ण केला की परीक्षेचं व्हाउचर देतात, ते सोडू नका.

मास्तरीण_सुदामानगर

मी इथे इंदूरलाच कॉलेजात कॉमर्स शिकवते. दादांनी छान सांगितलंय, पण बाई, एक प्रश्न आधी विचारते. ही डिग्री तुम्ही वापरणार कुठे? तिकडे राहून तिकडेच नोकरी करायची असेल तर वरचा सगळा सल्ला लागू. परत येऊन इथे बी.एड., एम.कॉम., सरकारी भरती असं काही डोक्यात असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. परदेशी डिग्री इथल्या डिग्रीच्या बरोबरीची धरण्याचे (समकक्षतेचे) यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नवे नियम एप्रिल २०२५ मध्ये आले. त्यात शिक्षण नियमित, समोरासमोर वर्गात झालेलं हवं, ऑनलाइन किंवा दूरस्थ चालत नाही. म्हणजे ट्रेंटनची डिग्री तिथे शंभर टक्के खरी आणि मान्य असली तरी घरी बसून, परीक्षा देऊन मिळवलेली असेल तर इथल्या खिडकीवर अडू शकते.

इथेच पूर्ण करायचं म्हणाल तर, नवीन शिक्षण धोरणात अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली २०२१ ला, त्यात विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा राहतात, क्रेडिट सात वर्षं टिकतात, स्वयम या सरकारी पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स ४० टक्क्यांपर्यंत धरता येतात, आणि निदान अर्धे क्रेडिट डिग्री देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. आपल्या मध्य प्रदेशात हे धोरण २०२१ लाच लागू झालं. पण तुमचे सेमिस्टर त्याच्या आधीचे, त्या बँकेत ते जमाच नाहीत. त्यामुळे इथे इग्नूसारख्या ठिकाणी जवळजवळ पहिल्यापासून, किमान तीन वर्षं, असंच धरून चाला.

लोकमान्यनगर_वाली

मॅडम, तुमचा प्रश्न वाचून हातातला चहा गार झाला. आम्ही यावर बोललोच नव्हतो. काल रात्री फोनवर तासभर बोललो. सासूबाई-सासरे इथे एकटेच आहेत, चार-पाच वर्षांत परत यायचं हे आमच्या दोघांच्याही मनात होतं, फक्त मोठ्याने कोणी म्हटलं नव्हतं. आणि मला बी.एड. करून शिकवायचंय. हे मी नवऱ्याला पण काल पहिल्यांदा सांगितलं. आता काय करू? क्लेप सोडूनच देऊ?

जर्सीतला_इंदूरी

मॅडमनी नेमकं बोट ठेवलं, माझ्या डोक्यात परत जाणं नव्हतंच म्हणून मला सुचलं नाही. ताई, क्लेप सोडू नका, पण त्याला जेवणाचं ताट समजू नका, लोणच्याइतकंच वाढून घ्या.

जर्सीत १८ काउंटी (जिल्ह्यासारखा भाग) कॉलेजं आहेत, दोन वर्षांची. तिथे वर्गात बसा. काउंटीत राहणाऱ्यांना फी कमी पडते, तुमच्या व्हिसावर ती सवलत लागू होते का ते त्या कॉलेजला आधी विचारून घ्या. २००७ चा राज्याचा कायदा आहे, तिथली दोन वर्षांची ए.ए. किंवा ए.एस. ही असोसिएट डिग्री पूर्ण केली की राज्याच्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात ते सगळे क्रेडिट घेतले जातात आणि तुम्ही थेट तिसऱ्या वर्षात बसता. एक अक्षर जास्त असलेली ए.ए.एस. असते ती घेऊ नका, तिला ही हमी नाही. तुमचे इंदूरचे विषय मान्य झाले तर त्या दोन वर्षांतलं बरंच आधीच भरलेलं असेल. क्लेप दोन-तीनच द्या, तेही काउंटी कॉलेजने कोणता विषय कोणत्या खणात जाईल ते ईमेलवर लिहून दिल्यावर. तोंडी शब्दावर जाऊ नका.

फायनान्शियल अकाउंटिंग तुम्ही द्याच. ९० मिनिटांत ७५ च्या आसपास प्रश्न असतात. जमा-नावे तुमच्या हाडात आहे, फक्त इकडची भाषा शिकून घ्या. संड्री डेटर्सला इथे अकाउंट्स रिसीव्हेबल म्हणतात, क्रेडिटर्सला पेएबल, शिल्लक मालाला इन्व्हेंटरी. आणि ताळेबंद पाहून दचकू नका, टॅलीत देणी डावीकडे दिसायची सवय आपल्याला, इथे मालमत्ता आधी आणि डावीकडे.

राजवाड्याचा_पोरगा

माझ्या बहिणीचं मागच्या वर्षी झालं म्हणून फक्त कागदांचं सांगतो. निघायच्या आधी ट्रान्सक्रिप्ट (युनिव्हर्सिटीने दिलेला सगळ्या विषय-गुणांचा अधिकृत उतारा) काढा, हे पहिलं काम. डब्ल्यूईएस किंवा ईसीई या परदेशी शिक्षण तपासणाऱ्या संस्थांकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं, डिग्री अर्धवट असली तरी झालेल्या विषयांचं होतं, पण कागद युनिव्हर्सिटीकडूनच सीलबंद जायला लागतात. बहिणीने तिकडे पोचल्यावर सुरू केलं, इकडून आईने खेपा घातल्या, एका ऑफिसात फाइल साडेतीन महिने एकाच टेबलावर पडून होती, तोवर तिचं सेमिस्टर गेलं. आणि ते ६० क्रेडिट तुम्ही स्वतः धरू नका, किती धरायचे ते मूल्यमापन आणि मग कॉलेज ठरवतं. फाउंडेशन कोर्सच्या मार्कशीट फालतू समजून ठेवून जाऊ नका, हिंदी, पर्यावरण वगैरे होतं ना आपल्याला, बहिणीचे ते जनरल एज्युकेशनमध्ये, म्हणजे तिथल्या सामान्य विषयांच्या खणात, लागले. इंग्रजीचा पेपर मात्र तिथल्या लेखनाच्या कोर्सऐवजी धरला नाही.

लोकमान्यनगर_वाली

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी माहेरी जाऊन आईची लोखंडी पेटी उघडली. चारही मार्कशीट सापडल्या, एकीच्या कोपऱ्याला वाळवी लागलीय पण नंबर वाचता येतो. सोमवारी अर्धी सुट्टी टाकून ट्रान्सक्रिप्टचा फॉर्म भरून आले, पावती मिळाली. काउंटी कॉलेजला ईमेल पण टाकला, अजून उत्तर नाही. त्यांना विषयात काय शिकवलं ते लागेल का, म्हणजे सिलॅबस?

मास्तरीण_सुदामानगर

लागेल, आणि तुमच्या सालचाच लागेल, आत्ताचा नको कारण तो बदललाय. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत २०११ ते २०१३ चे छापील सिलॅबस विचारा, नसले तर विभागाच्या कपाटात असतात. प्रत्येक पानावर प्राचार्यांचा सही-शिक्का घ्या आणि चार सेट करा. बुधवारी दुपारी गेलात तर गर्दी कमी असते. आणि तिकडच्या कॉलेजात नाव घालाल तेव्हा सगळे विषय वर्गातले निवडा, ऑनलाइन तुकडी सोपी वाटली तरी नको, प्रत्येक सेमिस्टरचं वेळापत्रक जपून ठेवा. बी.एड.ला याल तेव्हा तेच दाखवायचंय.